बीव्हरच्या दिवशी दार उघडं

लवंगीने चिमटा भिंतीवर फेकून मारला. तो आपटून वाफेच्या किटलीमागे पडला. आता तो काढायचा तर किटली हलवायला हवी, किटली हलवायची तर ती आधी निवायला हवी, म्हणजे सगळी सकाळ बोंबलली. मग तिने चिमट्याला शिव्या घातल्या, किटलीला घातल्या आणि जाता जाता भिंतीलाही घातल्या. भिंतीने काय घोडं मारलं होतं बिचारीने? पण लवंगी चिडली की समोर जे असेल त्याचा नंबर लागायचा.

तिचं खरं नाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. लहानपणी ती एवढीशी होती आणि तडतड मात्र केवढी, म्हणून कुणीतरी लवंगी म्हणालं, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. लग्नात आडनाव बदललं, केस पिकले, लेक हाताशी आली, तरी लवंगी ती लवंगीच. नवरा शहाणा माणूस. ती बोलायला लागली की तो गच्चीत कुंड्यांना पाणी घालायला निघून जाई. कुंड्यांतली निम्मी झाडं जास्तीच्या पाण्याने कुजून मेली होती.

"बापावर गेलीय," असं सगळे म्हणायचे आणि विषय संपवायचे. तिचे बाबा म्हणजे जमदग्नीच. दुकान त्यांचंच. ते गेल्यावर भावांनी नाक मुरडलं, "हे केसाळ लचांड कोण सांभाळणार?" म्हणाले, आणि लवंगीने हट्टाने दुकानाची किल्ली कमरेला लावली. हट्ट कसला होता ते पुढे सांगते, आधी तिच्यापुढच्या टोपीला पडलेल्या या मेल्या भोकाचं बघू.

दुकान जुन्या टोप्या दुरुस्त करण्याचं. टोप्या म्हणजे फेल्टच्या, रुंद कडेच्या, जुन्या फोटोंतले रुबाबदार लोक घालून बसलेले असतात तसल्या. हल्ली त्या घालतो कोण? नाटकवाले, सिनेमावाले, हौशी मंडळी, आणि एखादा म्हातारा, ज्याला वडिलांची टोपी टाकवत नाही. टोपी येते तेव्हा माथा चेपलेला असतो, कड लोंबत असते, कसरीने भोकं पाडलेली असतात. ती वाफेवर धरायची, लाकडी साच्यावर चढवायची, पॉलिश पेपरने हलकेच घासायची, ब्रश मारायचा. पाहणाऱ्याला वाटतं त्यात काय मोठंसं. करून बघा म्हणावं.

फेल्ट काही मागावर विणत नाहीत. प्राण्याच्या राठ केसांखाली जी मऊ लव असते ती घ्यायची, तिला गरम पाणी आणि वाफ देत दाबायचं, चोळायचं, पुन्हा दाबायचं. तंतूत तंतू अडकत जातो आणि गच्च थर बनतो. बहुतेक टोप्या सशाच्या लवेच्या, जरा बऱ्या असतील तर रानसशाच्या. पण सगळ्यांत वरचढ बीव्हर. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून नदीला बांध घालणारा तो पाण्यातला प्राणी. त्याची लव इतकी दाट की पाणी कातडीला शिवत नाही. अशी टोपी पावसात घातली तरी आकार सोडत नाही, आणि तिच्यावर फुंकर मारली की लव गोल उमलते, जरा वेळ तशी राहते आणि आपोआप मिटते. आता ती लव इकडे कुठे मिळत नाही. म्हणून बीव्हरच्या टोपीला भोक पडलं की तिच्याच आतल्या चामडी पट्ट्याखालची चिमूटभर लव पात्याने खरवडून काढायची आणि भोकात भरायची. सशाची भरून चालत नाही. दोन्ही लवा सारख्या आटत नाहीत, पहिल्याच पावसात ठिगळ आखडतं आणि टोपीवर सुरकुती उभी राहते.

तर नाटक कंपनीच्या पेटीतली अशी एक बीव्हरची टोपी त्या सकाळी तिच्यापुढे होती. बरोब्बर दर्शनी भागात भोक. लव चिमट्यात धरायची, भोकात ठेवायची, बारीक सुईने टोचून टोचून बसवायची. सगळा खेळ हाताचा, आणि लवंगीचा हात थरथरत होता. लव भोकात ठेवायला जावं तर चिमटा डावीकडे. पुन्हा न्यावा तर उजवीकडे. सुईत दोरा ओवल्यासारखं जे काम तिने आयुष्यभर डोळे मिटून केलं, ते आता तिच्या नाकावर टिच्चून होत नव्हतं.

लेक शेजारच्या टेबलावरून उठली. तिने स्वतःचा चिमटा आणून आईपुढे ठेवला.

"मी मागितला का?" लवंगी म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मग काय आई! भोक काय शिव्यांनी भरणार आहे का?"

लवंगीने तो चिमटा ओढून घेतला. वर्षापूर्वी ही पोर असं बोलली नसती. वर्षापूर्वी ही पोर कुणालाच काही बोलत नव्हती. विमा कंपनीच्या ऑफिसात खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांची बोलणी ऐकून घ्यायची आणि घरी येऊन गुणगुणत भाजी चिरायची. घरात दोघीजणी आहेत म्हणून कुणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. आणि एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, "आई, मला टोप्यांचं काम शिकव. मी नोकरी सोडते."

"बघू," लवंगी म्हणाली. आत मात्र तिला असं भरून आलं की त्या संध्याकाळी कुंड्यांना तिने स्वतः पाणी घातलं. नवरा बावरून गेला. त्याला वाटलं, आता आपण कुठे जायचं?

पोरीचा हात सोन्याचा निघाला. लव अशी बसवायची की बोट फिरवून पाहिलं तरी भोक कुठे होतं ते सापडू नये. लवंगी ते पाहायची आणि म्हणायची, "ठीक आहे." कधी फारच छान झालं तर "ठीक आहे, चालेल." याच्या पुढे तिची जीभ जातच नसे. पण मनात एकच होतं, की ही इथे टिकावी. आपल्यामागे किल्ली हिच्या कमरेला असावी. बाकी तिला या जगाकडून काही नको होतं.

आणि तिथेच माशी शिंकली. थंडी सुरू झाली तशी नाटक कंपनीचा सगळा जुना माल सांभाळणारे पेटीवाले काका एक भलीमोठी पेटी घेऊन आले. आत टोप्याच टोप्या. ससा, रानससा, पुन्हा ससा, आणि तळाशी ती एकुलती एक बीव्हरची. नवं नाटक येणार होतं, सगळ्या टोप्या उभ्या करून हव्या होत्या. दोघी मायलेकी कामाला जुंपल्या. बाहेर गारठा, आणि खिडकी उघडली की लव खोलीभर उडते, म्हणून खिडक्या बंद. किटली दिवसभर पेटलेली. पॉलिश पेपरची धूळ केसांत, पापण्यांवर, चहाच्या कपात.

त्या थंडीत लवंगीचा हात बिघडला. आधी सही वेडीवाकडी व्हायला लागली, मग चहा बशीत सांडायला लागला. तिचा राग तर विचारूच नका. आणि लेकही बदलली. आधी नुसती गप्प झाली. मग फणकारायला लागली. रात्री झोप नाही म्हणायची, हिरड्या दुखतात म्हणायची, तोंडाला कसलीतरी धातूची चव येते म्हणायची. एकदा पेटीवाले काका साधं विचारायला आले, "काय, कुठवर आलंय?" तर पोरीने ब्रश टेबलावर आदळला आणि म्हणाली, "एवढी घाई असेल तर घरी न्या आणि तुम्हीच भरा भोकं!"

काका दचकले, मग पोट धरून हसले. "आली हो आली! तिसरी पिढी आली!"

लवंगीही हसली. हसता हसता तिची नजर लेकीच्या कपाकडे गेली. बशीत कप किणकिणत होता. पोरगी रागाने थरथरतेय, असं तिने मनाला सांगितलं.

आणि मग परवा दुपारी लेक शांतपणे म्हणाली, "आई, मी ऑफिसात परत विचारणार आहे. जागा अजून रिकामी आहे म्हणतात."

"का? माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही गं काही. पण मी इथे राहिले तर तुझ्यासारखी होईन. आत्ताच झालेय अर्धी. मला नाही व्हायचं."

जखमेवर मीठ चोळणं काय असतं ते लवंगीला त्या दिवशी कळलं. कारण हेच वाक्य, शब्दाला शब्द, तिने तिच्या बाबांबद्दल आयुष्यभर मनात म्हटलं होतं. मला यांच्यासारखं नाही व्हायचं. आणि झाली होतीच की! आता तिने मनाशी ठरवलं की सगळा दोष या हाताचा आहे. हात ऐकत नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून पोरगी चालली. हात बरा झाला की आपण गोड होऊ. म्हणून ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर तरुण होती, पण ऐकून घेणारी. तिने हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, मग विचारलं, "काम काय करता?"

"टोप्या दुरुस्त करते. जुन्या फेल्टच्या."

डॉक्टरने मान वर केली. कसं करता, कुठे करता, खिडक्या असतात का, सगळं खोदून विचारलं आणि लघवी तपासायला पाठवली. लवंगी चरफडली. हाताचं दुखणं आणि लघवी कसली तपासता? पण दिली. आणि ज्या सकाळी चिमटा किटलीमागे गेला, त्याच सकाळी डॉक्टरचा फोन आला की लगेच येऊन जा.

"तुमच्या शरीरात पारा सापडलाय," डॉक्टर म्हणाली. "बराच."

"पारा? थर्मामीटरमधला?"

"तोच."

आता पाऱ्यावरचे विनोद तुम्हाला सुचतील. लवंगीलाही पुढे सुचले. पण तेव्हा तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

"मी काय पारा खाते का हो?"

"पूर्वी फेल्ट बनवताना लवेला पाऱ्याचं औषध लावायचे. ठाऊक आहे?"

ठाऊक नसायला काय झालं! धंद्यात त्याला गाजरपाणी म्हणत, कारण ते लावलं की लवेची टोकं गाजराच्या रंगाची होत. सशाची लव गुळगुळीत, तिचे तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत, म्हणून तिला ते पाणी चोपडायचे. त्यात काय असतं ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. "पण ते टोप्या बनवणारे लावायचे," लवंगी म्हणाली. "मी दुरुस्त करते. आणि ते कधीचंच वाळून गेलं. माझ्या जन्माच्या आधीचं!"

"वाळतं, पण जात नाही. तुम्ही वाफ दिली, घासलं, की सुटतं. खिडक्या बंद असल्या की आणखी. चिडचिड होते का तुमची?"

"ती वडिलोपार्जित आहे, डॉक्टर. त्याचा नि याचा संबंध नाही."

"वडील काय करायचे?"

"हेच," लवंगी म्हणाली.

"त्यांचे हात थरथरायचे का?" डॉक्टरने विचारलं. "दात लवकर गेले? माणसांत जायला बिचकायचे?"

बाबा कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यायचे. चाळिशीतच तोंडाचं बोळकं झालं होतं. ओळखीचं माणूस समोरून आलं तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि घरी येऊन आईवर डाफरायचे. सगळं गाव म्हणायचं, माणूस विक्षिप्त आहे. लवंगी म्हणायची, दुष्ट आहे.

"हे आजच बंद करा," डॉक्टर म्हणत होती. "लांब राहिलात तर पुष्कळ उतरेल, हात आणि चिडचिड दोन्ही. दुकानात तुमच्याबरोबर आणखी कोण असतं?"

लवंगी उठली. पिशवी खुर्चीवर, छत्री कोपऱ्यात, आणि ती रस्त्यावर. डॉक्टर मागून हाका मारत राहिली.

रस्त्याने ती चालत होती की पळत होती हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती आग ओकायची कुणावर? टोप्या बनवणारे कधीच मरून गेले. ससे तर त्याच्याही आधी मेले. स्वतःवर चिडावं तर आपण केलं काय? पोटापाण्याचं काम केलं. पोरीने मनापासून मागितलं म्हणून पोरीला शिकवलं. एकदा तरी मी खिडकी उघड म्हणाले असते! लव उडते म्हणून बंद ठेवली, आणि पोरीच्या हिरड्या दुखायला लागल्या तेव्हा काय म्हणाले, तर ब्रश बदल. लवंगीने चालता चालता स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. भाजीवाली बघत राहिली.

दुकानाचं दार लोटलेलं होतं. आत किटली फुसफुसत होती, काचांवर पाणी ओघळत होतं, आणि लेक रानसशाची तपकिरी टोपी वाफेत धरून, चेहरा अगदी तिच्याजवळ नेऊन, कड सरळ करत होती. बीव्हरची सोडली तर पेटीतली शेवटची होती ती. आई आल्यावर झालेली दाखवावी, असं काहीतरी तिच्या मनात असावं, कारण ती वळली तेव्हा हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती.

"बाहेर हो!" लवंगी ओरडली.

"काय?"

"ठेव ती टोपी! बाहेर हो म्हणते ना!"

"आई, काय केलं मी?"

लवंगीने तिच्या हातातली टोपी हिसकली, दंड धरला आणि ओढत दारापर्यंत नेली. "पुन्हा या दारात दिसलीस तर तंगडं मोडीन!" असं म्हणून तिने पोरीला बाहेर ढकललं आणि आतून कडी घातली.

कडी घातली, आणि हात कडीवरच राहिला.

हे शब्द तिचे नव्हते. हे बाबांचे होते. हेच दार, हीच कडी. शाळा संपली त्या वर्षी ती मनाचा हिय्या करून बाबांना सांगायला आली होती, की मला शिकवा, भावांना नको असेल तर मला हवंय. आत वाफ होती. बाबांनी असाच दंड धरला, असंच ढकललं, आणि हेच शब्द म्हणाले. तिचं कोपर उंबऱ्यावर आपटलं. पोरीची जात म्हणून हाकलली, असं तिने धरलं. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतं बोलली. ते गेले तेव्हा रडली नाही. आणि किल्ली कमरेला लावली, चुकतमाकत काम आपलं आपण शिकली, ती याच हट्टाने, की बघा, तुम्ही जिला हाकललीत तीच इथे बसलीय. मघाशी म्हटलं ना हट्टाचं सांगते, तो हा.

पण दार नेहमीच बंद नसायचं. हे तिला आत्ता, कडी हातात धरून, आठवलं. बीव्हरची टोपी आली की दार उघडं असायचं. त्या दिवशी बाबा स्वतः हाक मारायचे, "ये गं लवंगे, फुंकर मार." ती टोपीवर फुंकर मारायची, लव फुलायची आणि मिटायची, आणि बाबा बोळक्या तोंडाने हसायचे. सशाची टोपी आली की कडी. तेव्हा वाटायचं, भारी टोपी म्हणून बाबा खूश आणि हलकी टोपी म्हणून नाराज. सगळं घर तेच म्हणायचं. बाबांचा कामाचा सदरा परसात खिळ्याला टांगलेला असे, तो घरात आणायचा नाही, त्याला पोरांनी हात लावायचा नाही. आई म्हणायची, एकेक खूळ.

बीव्हरला गाजरपाणी लागत नाही. त्याच्या लवेचे तंतू एकमेकांना आपले आपणच धरून राहतात. हे लवंगीला इतकी वर्षं ठाऊक होतं. रोजच्या कामातली गोष्ट. आणि दाराचंही ठाऊक होतं. दोन्ही एकत्र कधी ठेवलंच नाही तिने.

बाबांना पारा-बिरा नाव माहीत नसणार. पण सशाच्या दिवशी हिरड्या दुखतात, डोकं फुटतं, हे तर कळत होतं. म्हणून कडी होती. सगळा जन्म कडीच्या आत एकटे बसले आणि पोरांना बाहेर ठेवलं.

"मग बोलायला काय झालं होतं?" लवंगी बंद दाराकडे तोंड करून ओरडली. "एक शब्द! वाफ वाईट आहे गं पोरी, एवढं म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? मी मेली आयुष्यभर तुमच्या नावाने बोटं मोडत बसले!"

ओरडता ओरडता तिला रडू फुटलं, आणि ते कोपर, जे कधीच बरं झालं होतं, ते दुखायला लागलं.

मग तिने डोळे पुसले, किटली बंद केली, खिडक्यांना धक्के मारले. थंडीभर न उघडलेल्या त्या खिडक्या काही सरळ उघडेनात. एकीला तर तिने लाकडी साच्यानेच ठोकलं. गार वारा आत आला, आणि टेबलावरची सगळी लव खोलीभर उडाली. उडू दे म्हणाली. बीव्हरची टोपी, सुई आणि लेकीचा चिमटा उचलून तिने कडी काढली आणि बाहेर आली.

लेक पायरीवर बसून चपला घालत होती. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले. वर न बघताच म्हणाली, "चाललेय मी. ऑफिसात सांगून येते. तुला समाधान ना आता?"

लवंगी तिच्या शेजारी पायरीवर बसली. गल्लीतल्या बायका खिडकीतून डोकावत होत्या, त्यांना डोकावू दिलं.

"जा," ती म्हणाली. "पण आधी ऐक. मी तुला रागावून नाही काढलं. म्हणजे रागावले होते, ते निराळं. वाफ वाईट आहे. सशाच्या टोप्यांत विष आहे, पारा आहे, तो माझ्या अंगात गेलाय, तुझ्याही गेला असणार. उद्या डॉक्टरकडे चल, तुझीही तपासणी करायची. तुझ्या हिरड्या, तुझी झोप, ते काकांवर ओरडणं, सगळं त्याने."

लेक तिच्याकडे बघत राहिली. "मग मी तुझ्यासारखी होत नव्हते?"

"नाही गं. मी तरी माझ्यासारखी कुठे आहे!"

"आणि आजोबा?"

लवंगीने हातातल्या टोपीची लव बोटाने सारखी केली. मग म्हणाली, "बीव्हरच्या दिवशी दार उघडं असायचं." आणि मग तिने सगळं सांगितलं. फुंकर, सदरा, कडी, कोपर. एवढं ती पोरीशी एका बैठकीत कधी बोलली नव्हती.

"म्हणजे तुझं चिडणं सगळं पाऱ्याचं?" शेवटी लेकीने विचारलं. "तुझं स्वतःचं काहीच नाही?"

"असेल थोडं. ते जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

पोरगी हसली, आणि मग एकदम हसू थांबवून म्हणाली, "दुकानाचं काय?"

काय असणार? वर्षाकाठी बीव्हरच्या टोप्या येतात किती? त्यावर काही दुकान चालत नाही. लवंगीला हे डॉक्टरच्या खुर्चीतच कळलं होतं, आणि सगळ्यांत जास्त याचाच संताप होता. लेक टिकावी म्हणून जीव पाखडला, आणि आता तिला धरून ठेवलं तर आपण आई कसल्या? तिने कमरेची किल्ली काढली, बोटांत फिरवली आणि पुन्हा कमरेला लावली.

"तू सोमवारी ऑफिसात जा," ती म्हणाली. "मी कुलूप लावते. पेटीवाल्यांना सांगते, बाकीच्या जशा आहेत तशा न्या. ही एक तेवढी पुरी कर. ही बीव्हरची आहे, उघड्यावर बसून कर."

लेकीने टोपी मांडीवर घेतली. चिमट्याने लवेची चिमूट उचलली, भोकात ठेवली आणि सुईने टोचायला लागली. तिचा हातही जरा थरथरत होता, पण ती प्रत्येक टोच्याआधी थांबत होती, श्वास घेत होती, आणि लव बसत होती. लवंगी बघत होती. भोक दिसेनासं झालं तेव्हा तिने टोपी घेतली, उजेडात फिरवली, बोट फिरवलं.

"ठीक आहे," असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आहे. बोलले नाही मी."

लेकीने चिमटा पायरीवर ठेवला. लवंगीने टोपी तिच्या तोंडापुढे धरली.

"मार फुंकर," ती म्हणाली.